‘ऐकीव माहिती’ म्हणणाऱ्या वाचकास : चामड्याच्या बॅगेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आपण नाव लिहिलेलं नाही, म्हणून ‘महोदय’ एवढंच म्हणते. ‘हाताने शिवलेली बॅग घेताना चामडं कसं पारखावं’ या माझ्या लेखाखाली परवा रात्री आपण जे लिहिलंत, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात देते. लेख भाबडा आहे. खुणा आणि सुरकुत्या असलेलं चामडं चांगलं, हे दुकानदारांनी पसरवलेलं खूळ आहे. एकसारखं गुळगुळीत चामडं हीच दर्जाची खूण. क्रोमची (क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याच्या पद्धतीची) उगाच बदनामी केली आहे. सहा हजारांची बॅग कोणाला परवडते? आणि शेवटी हे वाक्य: ‘फुटपाथवरच्या मोच्याकडून ऐकलेल्या माहितीवर लेख पाडण्याआधी एखादी टॅनरी तरी बघून यायची होती.’ (टॅनरी म्हणजे चामडं कमावण्याचा कारखाना.)

मतभेदाचं मला वावडं नाही. पैठणीच्या जरीवर लिहिलं तेव्हा येवल्याच्या वाचकांनी माझ्याशी भरपूर वाद घातला. पण नावानिशी घातला आणि बोलताना जपून बोलले. आपण मध्यरात्री निनावी येऊन ‘भाबडा’, ‘खूळ’, ‘पाडणे’ असं लिहून जाता तेव्हा वाद घालायला आलात की अपमान करायला, हेच कळत नाही.

तरी जे मान्य आहे ते आधी सांगते. लेखातले फोटो ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेत, त्यामुळे पट्ट्याच्या कापलेल्या कडेतले तंतू नीट दिसत नाहीत. रविवारी दिवसाउजेडी काढून बदलते.

आता त्या मोच्याबद्दल. ते माझे वडील.

अण्णा आधी नाशिकला शालिमारजवळ रस्त्याच्या कडेला बसायचे, पुढे भद्रकालीत छोटा गाळा मिळाला. शाळा सुटली की मी तिथेच जायची. आरी (भोक पाडायचा टोचा), रापी (चामडं कापायचं पातं) आणि मेणाचा गोळा यांच्या पसाऱ्यात वही ठेवून गृहपाठ केलाय मी. ‘ऐकलेली माहिती’ म्हणता, तर हो, ऐकलेली आहे. वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी, काम चालू असताना ऐकलेली आणि डोळ्यांनी बघितलेली. चामडं कमावणारा माणूस त्याची बॅग होण्याआधी ते बघतो. विकणारा ती नवी असताना बघतो. ती कुठे आणि कशी फाटते हे बघतो तो फक्त दुरुस्ती करणारा. बॅग घेणाऱ्याला नेमकं तेच माहीत असायला हवं, आणि ते सांगणाऱ्या माणसाला तुम्ही ‘फुटपाथवरचा’ म्हणून बाजूला सारता?

एक प्रसंग मी लेखात दिला नव्हता, तो आता देते. कॉलेज रोडच्या एक ताई चॉकलेटी रंगाची, चकचकीत बॅग घेऊन आल्या होत्या. मोठ्या दुकानातली होती, आत अस्सल चामड्याचा शिक्काही होता. हँडल कडीतून वळतं तिथे तडा गेला होता. अण्णांनी रापीच्या टोकाने तड्याची कड किंचित उचलली. वरचा रंगीत थर नेलपॉलिशच्या खपलीसारखा सुटून आला, आणि खाली निघाले विरळ, भुसभुशीत तंतू. अण्णा त्यांना म्हणाले, “ताई, चामडंच आहे, फसवलेलं नाही. पण खालच्या थराचं आहे.”

त्या खालच्या थराची गोष्ट अशी. जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर करतात. केसांच्या बाजूचा वरचा थर बारीक, घट्ट विणीचा असतो आणि चामड्याचा टिकाऊपणा बराचसा त्यातून येतो. खालच्या थराचे तंतू जाड आणि सैल. त्याला स्वतःचा पोत नसतो, म्हणून वर प्लास्टिकचा थर चढवून त्यावर नक्षीसारखा पोत दाबून उठवतात. दिसायला देखणं, एकसारखं, गुळगुळीत! तुम्ही दर्जाची खूण म्हणता ती हीच. दुसरा प्रकार याहून बरा: थर वरचाच, पण गोचिडाचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे होते म्हणून पृष्ठभाग घासून काढला आणि रंगाने झाकला. घासताना त्या घट्ट विणीचाही थोडा भाग जातो. मुळातच स्वच्छ, तलम असं निवडक वासराचं चामडं असतं. ते महाग असतं, आणि ते वाईट आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण बाजारात मध्यम किमतीला जे काचेसारखं एकसारखं मिळतं, त्यातलं बहुतेक घासलेलं किंवा थर चढवलेलंच असतं.

खुणा म्हणजे दर्जा, असंही मी म्हटलेलं नाही. खोल ओरखडा शिलाईच्या रेषेवर आला तर तो दोषच. माझं म्हणणं इतकंच होतं की बारीक खुणा दिसतात याचा अर्थ पृष्ठभाग शाबूत आहे. म्हशीच्या चामड्याचा पोत तर मुळातच भरड असतो. ते भरड दिसलं म्हणून हलकं ठरवणं चूक आहे.

अण्णांची पारख अशी असायची. पट्टा दाणेदार, म्हणजे केसांकडची, बाजू आत ठेवून दुमडायचा आणि घडीवर अंगठा दाबायचा. चांगल्या चामड्यावर केसासारख्या बारीक सुरकुत्या येतात आणि पट्टा सोडला की विरतात. रंग चढवलेल्यावर घडीच्या जागी पांढुरकी रेघ उमटते, आणि तडा पुढे तिथेच जातो. सुरकुती जाड, पोकळ, फुगीर आली तर तो पोटाचा भाग. तो ताणला जातो, म्हणून पट्ट्याला घेऊ नये. पट्टा पाठीच्या कण्याजवळचा हवा. आपण टॅनरीचं नाव घेतलंत म्हणून सांगते, चामड्याच्या प्रयोगशाळेतही यंत्रात तुकडा हजारो वेळा दुमडूनच वरचा थर तडकतो का ते बघतात. अण्णा तेच अंगठ्याने बघायचे.

आणि ‘ऐकीव’ म्हणून जे आपण झटकलंत, त्याच ऐकीव ज्ञानावर कोल्हापुरी चप्पल उभी आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं किती मुरवायचं, कुठला भाग तळाला घ्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या घरातच, हाताखाली बसून शिकलेलं आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांच्या याच कामासाठी. त्यांच्यातले कितीतरी जण आजही दाराबाहेर बसूनच काम करतात. त्यांनाही हेच सांगणार का, की आधी टॅनरी बघून या?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. क्रोमचं चामडं मऊ असतं, पाण्याला जास्त दाद देत नाही, झटपट कमावून होतं आणि जगातलं बहुतांश चामडं त्याच पद्धतीने कमावलेलं असतं, हे सगळं लेखात आहे. साल-हिरड्याचं चामडं आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत बंद कपाटात ठेवलं तर बुरशी धरतं, हेही आहे. याला बदनामी म्हणत असाल तर लेख अर्धाच वाचलात. किमतीचं म्हणाल, तर सहा हजार हा आकडा मी एका बॅगेचं उदाहरण म्हणून दिला होता. घ्याच, असं कोणाला म्हटलं नव्हतं. मी बॅगा विकत नाही, सातपूरला नोकरी करते.

यापुढे या ब्लॉगवर निनावी प्रतिक्रिया ठेवणार नाही. तुमची मात्र ठेवते, कारण उत्तर तिच्याखाली आहे. आणि खरंच वाद घालायचा असेल तर एक करा. तुमच्याकडे जी गुळगुळीत, एकसारखी बॅग असेल, निदान दोन पावसाळे वापरलेली, तिचं हँडल कडीतून वळतं तिथला जवळून काढलेला फोटो पाठवा. नाव लिहून पाठवा. जसा असेल तसा मी तो माझ्या फोटोंशेजारी लावते.