लसीनंतर बाळाला रिठ्याचे पाणी कशासाठी?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या वहिनींना, पुतण्याला दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) लस दिली त्याच दिवशी, व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला. लसीतील प्रथिने अ‍ॅल्युमिनियमला कायमची चिकटलेली असतात, शास्त्रज्ञांनाही ती साबणानेच सोडवावी लागतात, ही गोष्ट दडवली जाते, म्हणून लसीनंतर बाळाला दोन चमचे रिठ्याचे पाणी पाजावे, असे त्यात म्हटले होते.

आधी रिठ्याचेच पाहू, कारण बाकीचे बहुतेक अज्ञान आहे आणि हे बाळाच्या पोटात जाणार आहे. रिठ्यातील सॅपोनिन या फेस करणाऱ्या द्रव्यामुळे घशाची व आतड्याची जळजळ होते, उलट्या-जुलाब होऊ शकतात. पहिले 6 महिने तर बाळाला आईच्या दुधाखेरीज साधे पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय लस टोचतात मांडीच्या स्नायूत. पोटातला फेस तिथवर कसा पोहोचणार, एवढे तरी लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते.

साबणाची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. लसीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात अ‍ॅल्युमिनियमची संयुगे घालतात; त्यांपैकी अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कणांवर बसलेले प्रथिन किती आहे आणि शाबूत आहे का, हे तपासण्याच्या बऱ्याच पद्धतींमध्ये ते आधी सुटे करावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत सोडियम डोडेसिल सल्फेटसारखे सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखी द्रव्ये, वापरतात. त्यांनी प्रथिनाची घडी बहुधा मोडते आणि तरीही सगळे प्रथिन सुटेलच असे नाही. पण परीक्षानळीत साबण लागतो म्हणून शरीरातही लागतो, हा निष्कर्ष कुठला? ऊतींमधील द्रवात फॉस्फेट असते, शरीराची स्वतःची प्रथिने असतात, ती लसीच्या प्रथिनाला कणांवरून हटवतात. त्याच द्रवातले सायट्रेट तर कणच हळूहळू विरघळवते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सशांना अ‍ॅल्युमिनियम-26 (माग काढता येणारे किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम) ची खूण असलेले अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचे कण टोचले, तेव्हा तासाभरात ते अ‍ॅल्युमिनियम रक्तात दिसू लागले, आणि 28 दिवसांत हायड्रॉक्साइडमधील 17 टक्के व अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटमधील 51 टक्के अ‍ॅल्युमिनियम शोषले गेले. ससे मोजकेच होते, आणि हायड्रॉक्साइड सावकाश जाते हेही त्यातूनच दिसते; तरी ‘कायमचे’ म्हणायला तिथे जागा उरत नाही.

राहिली दडवादडवी. लसीत अ‍ॅल्युमिनियमची संयुगे वापरण्याची पद्धत ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर ग्लेनी यांच्या 1926 मधील कामापासूनची आहे आणि पेंटाव्हॅलंटच्या माहितीपत्रकात अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण छापलेले असते. पुढची मात्रा 10 आठवड्यांची. त्या वेळी केंद्रातील परिचारिकेकडून ते पत्रक मागून वाचता येईल.