वास्तववादी म्हणजे हिटलरचा प्रचारक? हा आरोप चुकीचाय

चित्रकलेवरची एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. कॅमेरा आल्यावर हुबेहूब चित्रं काढण्यात अर्थच उरला नाही, म्हणून दोन महायुद्धांच्या मधे युरोपातले चांगले चित्रकार सगळे अमूर्ताकडे, म्हणजे ओळखू येणारी माणसं-वस्तू नसलेल्या चित्रांकडे, वळले आणि वास्तववादाला चिकटून राहिले ते हिटलर-स्टालिनचे प्रचारक, असं तिच्यात म्हटलंय. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण ज्यांनी सगळ्यात जास्त भोगलं त्यांच्यावरच हा आरोप जातो.

"सगळे अमूर्ताकडे वळले" हे सरळ चूक. १९२५ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या म्युझियमचे संचालक गुस्ताव हार्टलाउब यांनी 'नवी वस्तुनिष्ठता' नावाचं प्रदर्शन भरवलं, त्यात वास्तवाला धरून रंगवणारे ३२ चित्रकार होते, ही काय दोनचार हट्टी माणसं नव्हेत.

आता कॅमेरा. याच वळणाचा जर्मन चित्रकार ओटो डिक्स, त्याने १९२६ मध्ये पत्रकार सिल्विया फॉन हार्डनचं पोर्ट्रेट केलं ते जरा झूम करून बघा. कॅफेतलं गोल टेबल, एका डोळ्यावर मोनोकल म्हणजे एकाच काचेचा चष्मा, हातात सिगारेट, लाल-काळ्या चौकड्यांचा ड्रेस आणि त्याखाली घसरलेला एका पायातला स्टॉकिंग. हाताची बोटं तर इतकी लांब आणि मोठी की आधी नजर तिथेच जाते, फोटोत ती होती तेवढीच आली असती ना. आणि हे लाकडी फळीवर, जुन्या जर्मन उस्तादांसारखे रंगाचे पातळ थर चढवत केलंय.

प्रचारकवाला मुद्दा सगळ्यात खटकणारा. रशियात सरकारी वास्तववाद लादला गेला हे खरं, आणि जर्मनीतला वास्तववादी चित्रकार कानोल्ट १९३२ मध्येच नाझी पक्षात गेला हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. पण बाकीच्यांचं काय झालं? डिक्स स्वतः पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवणारा सैनिक, परत आल्यावर त्याने लाकडी पायांवर रस्त्याने चाललेले माजी सैनिक रंगवले, १९२४ मध्ये खंदकांतल्या मरणाचे ५० एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेखाटून छापलेली चित्रं, केले. नाझी आल्याआल्या १९३३ मध्ये ड्रेस्डेनच्या अकॅडमीतली त्याची नोकरी गेली, त्याच वर्षी हार्टलाउबचीही गेली, आणि नाझींनी नको असलेल्या कलेची बदनामी करायला १९३७ मध्ये म्युनिकला भरवलेल्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात ते अपंग सैनिकांचं चित्र सैनिकांचा अपमान म्हणून टांगलं, नंतर ते कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. दुसरा जर्मन वास्तववादी चित्रकार ग्रोस १९३३ च्या जानेवारीतच अमेरिकेला निघून गेला.

आणि फेलिक्स नुसबाउम, ज्यू चित्रकार, ब्रुसेल्समध्ये लपून राहिलेला. १९४३ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असताना, त्याने स्वतःचं चित्र केलं. मागे उंच भिंत, कोटाची कॉलर वर केलेली, त्यावर पिवळा तारा, आणि हातातलं ओळखपत्र आपल्याकडे धरलेलं, त्यावर लाल अक्षरात 'ज्यू'. पुढच्या वर्षी त्याला आउशवित्झला नेऊन मारलं.