टक्क्यावर दिलेली केस

आमच्या वकीलसाहेबांचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस मी वर्षभर न चुकता पाहिलं. गणपतीची आरास, वकिलांची क्रिकेट मॅच, तापोळ्याची सहल, कुणाकुणाचे वाढदिवस. साहेब ठणठणीत आहेत आणि फोन त्यांच्या हातातच असतो, एवढं त्यातून कळायचं. माझ्या भावाच्या केसचं काय झालं, ते मात्र कळायचं नाही. मेसेजवर निळ्या टिका पडायच्या आणि विषय तिथंच संपायचा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कराडच्या अलीकडे हायवेवर भावाला टेम्पोने मागून उडवलं. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड टाकावा लागला. तो वेल्डर आहे. गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या. वेल्डरचं निम्मं काम उकिडवं बसून चालतं, आणि तेच आता त्याला जमत नाही. मालक भला, त्याने काढलं नाही. स्टुलावर बसून ग्राइंडिंग करायला ठेवलंय. पगार मात्र पूर्वीच्या निम्म्याहून थोडा वर.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डात एक गृहस्थ आले. पेशंटचं नाव त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. "ताई, एक रुपया द्यायचा नाही. आमचे साहेब सगळं बघतात. क्लेम पास झाला की पंचवीस टक्के." भावाच्या उजव्या हाताला सलाईन होतं, त्याने डाव्या हाताने कोऱ्या वकीलपत्रावर वेडीवाकडी सही केली. आईने त्या गृहस्थांना थर्मासच्या झाकणातून चहा दिला. आम्हाला वाटलं, देवमाणूस भेटला.

साहेबांनी मार्च २०२३ मध्ये दावा दाखल केला, हे मान्य करायला हवं. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे, त्याआधी बरीच वर्षं अशी मुदतच नव्हती. म्हणजे वेळेत झालं. पहिले काही महिने फोनही उचलले जायचे. मग "साहेब कोर्टात आहेत", मग "तारीख पडलीय", मग नुसती रिंग. एकदा मी शाळेतून अर्धी रजा घेऊन त्यांना कोर्टाच्या आवारातच गाठलं, तर चालता चालता म्हणाले, "कशाला काळजी करता? जितकं लांबेल तितकं व्याज वाढतंय."

या वाक्यावर आम्ही आठ महिने काढले! व्याज साधारण दावा दाखल झाल्यापासून धरतात, हे खरंच आहे. पण अर्जदारामुळेच केस रखडली तर तेवढ्या काळाचं व्याज न्यायाधिकरण (असे दावे चालवणारं कोर्ट) नाकारू शकतं, हे साहेबांनी कशाला सांगावं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला ई-कोर्ट्सचं अ‍ॅप दाखवलं. जिल्हा निवडायचा, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. केसचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर असेल तर तेवढंही लागत नाही. दोन मिनिटांत भावाची केस समोर. मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी एकेक तारीख वाचत गेले. गैरहजर. मुदतीचा अर्ज. गैरहजर. आणि डिसेंबरातला आदेश: पुकारा करूनही अर्जदार व त्यांचे वकील गैरहजर, अर्जदाराचा पुरावा बंद.

पुरावा बंद म्हणजे काय, ते सांगते. आमच्या बाजूने आता साक्षीदार आणता येणार नाही. भावाकडे सिव्हिलचा ३५ टक्के अपंगत्वाचा दाखला आहे. विमा कंपनीचा वकील म्हणणार, हे पायाचं अपंगत्व, अख्ख्या शरीराचं नव्हे, मग कमाई कशी बुडाली? यावर सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल आहे. दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, त्या अपंगत्वाने त्या माणसाच्या कामधंद्यावर काय परिणाम झाला ते पाहायचं. वेल्डरला उकिडवं बसता येत नाही याची किंमत तिथं ठरते, आणि त्यासाठी डॉक्टरांची साक्ष लागते. साक्षच झाली नाही तर दाखला म्हणजे नुसता कागद.

मला राग साहेबांचा आलाच, पण त्याहून जास्त त्या पंचवीस टक्क्यांचा आला. पैसे दिले नव्हते म्हणून आम्ही दोन वर्षं तोंड उघडलं नाही. फुकटात काम करतायत, सारखं कसं विचारायचं? आई तर मलाच दटावायची, "साहेबांना चिडवू नकोस गं." बरं, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला सरळ मनाई आहे. म्हणून तर असल्या व्यवहाराचा कागद नसतो, पावती नसते, काय काम करणार हेही कुठं लिहिलेलं नसतं. भांडायला गेलं तर आपल्या हातात काहीच नाही. आणि साहेबांकडे अशा शंभर फायली. एखादी बुडाली तर त्यांचं काय गेलं?

ग्राहक मंचाचाही रस्ता नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला निर्णय दिलाय. (डॉक्टर येतात, वकील नाहीत. असो.) अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण तिच्याने भावाची केस पुढे सरकणार नव्हती. मला आधी केस त्यांच्या हातातून सोडवायची होती, म्हणजे वकील बदलायचा होता.

नवीन वकीलपत्रावर जुन्या वकिलाची ना हरकत सही लागते. नाहीच दिली तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी थकली म्हणून वकिलाने फाईल अडवून ठेवायची नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलंय. वकील मिळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, फोन १५१००. महिला, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना तिथं उत्पन्नाची अट नाही. आम्हाला ओळखीतून एक तरुण वकीलबाई मिळाल्या. फी ठरवून घेतात, हप्त्याने चालते, पावती देतात आणि प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज येतो. पहिला मेसेज आला तेव्हा आईने तो मला दोनदा वाचायला लावला.

सहीसाठी मी आणि भाऊ जुन्या साहेबांच्या ऑफिसात गेलो. तीन तास बसलो. भाऊ पाय लांब करून बाकावर, येणारे-जाणारे ओलांडून जात होते. शेवटी साहेबांनी सही केली आणि पेन मिटता मिटता विचारलं, "मग आमच्या टक्क्यांचं काय?"

मी विचारलं, "कुठं लिहिलंय, साहेब?"

ते काही बोलले नाहीत. फाईल मिळाली, त्यातून दोन एक्स-रे गायब. ते हॉस्पिटलातून परत काढतोय. पुरावा पुन्हा उघडायचा अर्ज मंजूर झाला, थोडा खर्च भरावा लागला. डॉक्टरांच्या साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मी रजा टाकून ठेवलीय. जुन्या साहेबांचं स्टेटस अजून दिसतं. काल हुरडा पार्टी होती.