तुकड्याचा फोटो बघून कॉम्प्युटर काय सांगतो आणि काय नाही

आमच्या चिपळूण-गुहागरकडच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की आता गर्भपिशवीतून काढलेल्या तुकड्याचा फोटो कॉम्प्युटरला दाखवला की 5 मिनिटांत गर्भ का पडला ते शंभर टक्के कळतं, डॉक्टर लागतच नाही, आणि दोष बाईत असेल तर तेही लगेच समजतं. मी लॅबमध्ये हेच तुकडे कापते, म्हणून गप्प बसवत नाही.

5 मिनिटांचं आधी. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या औषधात, मुरतो, मग मशीनमध्ये रात्र काढतो, मेणात बसतो, मग त्याचा 3-4 मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा आणि गुलाबी-जांभळा रंगवायचा. एवढं झालं की मग स्कॅनर त्या काचेचा, म्हणजे स्लाईडचा, फोटो काढतो.

शंभर टक्के हे तर साफ खोटं. पहिल्या 3 महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांची गडबड असते, आणि स्लाईडवर गुणसूत्रं मोजता येत नाहीत हो! दिसतात ती वारेची बोटं, म्हणजे वारेला फुटलेले बोटांसारखे बारीक कोंब, त्यांचा आकार, सूज, रक्तवाहिन्या. त्यावरून संशय घेता येतो, बस. कॉम्प्युटरचा खरा उपयोग आहे तो द्राक्षगर्भासारख्या ठिकाणी (यात वार सुजून द्राक्षांच्या घडासारखी वाढते), जिथे सुजलेल्या बोटांवरून दोन पॅथॉलॉजिस्टांचं, म्हणजे स्लाईड वाचणाऱ्या डॉक्टरांचं, मत जुळत नाही, तिथे तो संशयाची जागा दाखवू शकतो. तरी पक्कं करायला पी57 या प्रथिनाचा खास रंग नाहीतर गुणसूत्रांची तपासणी लागतेच, आणि निदान झालं की बीटा एचसीजी हे गरोदरपणाचं हार्मोन उतरेपर्यंत रक्त तपासत राहावं लागतं. परत परत गर्भ जात असेल तर अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्ताच्या गाठी करणाऱ्या अँटीबॉडीच्या) टेस्टही रक्तातूनच होतात, आणि पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करतात.

डॉक्टर लागत नाही? अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये पॅथॉलॉजीसाठी पहिलं एआय सॉफ्टवेअर मंजूर केलं ते प्रोस्टेट कॅन्सरचं, आणि तेही पॅथॉलॉजिस्टच्या मदतीला, त्याच्या जागी नाही.

आता बाईचा दोष, हे वाचून खरंच राग येतो. लावणीला वाकली, मासळीची पाटी उचलली, घाटातून एसटीने आली, असलं ऐकून ऐकून आधीच पोरी खचलेल्या असतात. गुणसूत्रांची वाटणी बीज तयार होताना नाहीतर गर्भ रुजायच्या आधीच चुकलेली असते, ते कुणी केलेलं नसतं. पूर्ण द्राक्षगर्भात तर बहुतेक वेळा 46 च्या 46 गुणसूत्रं बापाकडची असतात, म्हणून काय आता नवऱ्याला धरायचं?

गणपतीच्या आधी एक नमुना आला, त्या ताईची तिसरी वेळ. गुणसूत्रांसाठी पाठवलेला, पण सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. पेशी मेलेल्या, आणि गुणसूत्रं बघायला जिवंत पेशी लॅबमध्ये वाढवाव्या लागतात, त्या कल्चरमध्ये काहीच वाढणार नाही. सासूबाई काउंटरवर मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "मग ह्या कॉम्प्युटरला दाखवा ना." डबी हातात धरून मी त्यांना समजावलं, पण तुकडा दुसरा नव्हताच.

म्हणून क्युरेटिंगच्या, म्हणजे पिशवी साफ करायच्या, आधीच डॉक्टरांना विचारा, गुणसूत्रं तपासायची आहेत का. असतील तर डब्या दोन लागतात, एक फॉर्मॅलिनची आणि दुसरी निर्जंतुक सलाईनची. सलाईनवाली त्याच दिवशी थंड ठेवून निघाली पाहिजे, मासळीसारखी बर्फात गाडून नाही, गोठली तर त्याही पेशी मरतात.