तुर्की प्रत्ययांविषयी खुलासा
तुर्की भाषेत प्रत्येक प्रत्ययाला एकच अर्थ असल्याने नामाच्या रूपात संदिग्धता उरत नाही, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. 'एव' म्हणजे घर. 'एविन्दे' हे रूप 'एव-इन-दे' असे फोडल्यास 'तुझ्या घरात' असा, तर 'एव-इ-न्-दे' असे फोडल्यास 'त्याच्या किंवा तिच्या घरात' असा अर्थ होतो, कारण तृतीयपुरुषी स्वामित्वप्रत्ययापुढे विभक्ती लागताना मध्ये 'न्' येतो. घर नेमके कोणाचे, हे 'सेनिन' (तुझे) वा 'ओनुन' (त्याचे, तिचे) या शब्दांवरून किंवा संदर्भावरूनच ठरते. प्रत्ययांचा क्रम मात्र खरोखर पक्का आहे, आणि कौतुक करावे ते त्याचेच: आधी अनेकवचन, मग स्वामित्व, त्यानंतर विभक्ती, जसे 'एव-लेर-इम-दे', म्हणजे माझ्या घरांमध्ये.