अणूंचा त्वरणमापक आणि उन्रू परिणाम वेगळे

अणूंचा त्वरणमापक, म्हणजे अणूंच्या मदतीने त्वरण मोजणारं उपकरण, आणि उन्रू परिणाम यांच्याबद्दलचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण एके ठिकाणी गल्लत झालीय. ही दोन्ही एकाच दमात सांगितल्यामुळे पहिला दुसऱ्यावर चालतो असा समज होतो. तसं अजिबात नाही.

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम उन्रू यांनी १९७६ साली मांडलं की एकसमान त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला निर्वात पोकळीही उबदार भासेल. पण किती? पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाला दशांश चिन्हापुढे १९ शून्यं आणि मग ४, इतके केल्विन! १ केल्विन हवा असेल तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २५ वर १८ शून्यं इतक्या पट लागेल. यावर कुठलं उपकरण चालणार?

त्वरणमापकाचं काम निराळं. लेसरने थंड केलेले रुबिडियमचे अणू मोकळे सोडतात आणि त्यांच्यावर लेसरचे तीन स्पंद टाकतात. क्वांटम नियमांनुसार अणू लहरीसारखाही वागतो; पहिला स्पंद ही लहर दोन वाटांनी पाठवतो, दुसरा त्या वाटा एकमेकींकडे वळवतो, तिसरा त्या पुन्हा जुळवतो. दोन वाटांतलं कलांतर (एक लहर दुसरीच्या किती पुढेमागे आहे ते) त्वरण आणि स्पंदांमधल्या वेळेचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतं. ०.१ सेकंदाच्या अंतराने स्पंद दिले तर नुसत्या गुरुत्वामुळे ते १५ लाख रेडियनच्या (कोनाचं एकक) पुढे जातं, आणि वेळ दुप्पट केली की चौपट! या वर्गातच सगळी ताकद आहे.

आणखी एक, जे लेखात यायलाच हवं होतं: अणू बिचारे मोकळे पडत असतात. आपण मोजतो ते लेसर परतवणाऱ्या आरशाचं त्यांच्या तुलनेतलं त्वरण.