नाव सोनूबाई, हाती कानशीचा कीस

"टाकणारेस का ते?"

गेल्या दीड वर्षात माझ्याशी धड एक वाक्य न बोललेला वर्गमित्र माझ्या बाकापाशी उकिडवा बसून विचारत होता. माझ्या हातात पितळेच्या पत्र्याची एक कातरण होती. बोटभर लांब, वाकडी, एका टोकाला जळून काळी झालेली. आदल्या दिवशी मी ती मागं न बघता भिरकावली असती, आणि ती याच्या डोक्यात पडली असती तर यानं तासभर भांडण काढलं असतं. आज तो तिच्याकडे मृत्युपत्रात नाव असल्यासारखा बघत होता.

"नाही," असं म्हणून मी ती खिशात टाकली. तिचं मी काय करणार होते, हे तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हे सगळं सकाळच्या घोषणेमुळे. आम्ही दागिन्यांच्या डिझाइनचे विद्यार्थी. मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "या सत्रात नवा पत्रा नाही, नवी तार नाही. कार्यशाळेतलं भंगार घ्यायचं आणि त्याचा दागिना करायचा. प्रत्येकानं वजनाची वही ठेवायची. किती घेतलं, किती लागलं, किती उरलं." मग फळ्यावर 'अपसायकलिंग' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. राइनर पिल्झ नावाच्या एका जर्मन अभियंत्यानं 1994 साली हा शब्द वापरला होता म्हणे. चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करणं म्हणजे वस्तूला एक पायरी खाली ढकलणं, तिला वरच्या पायरीवर न्या, असं त्याचं म्हणणं. आम्ही माना डोलावल्या. वरच्या पायरीवर नेताना ओझं कोणी उचलायचं, हे मात्र फळ्यावर नव्हतं.

कोपऱ्यातला भंगाराचा डबा तोवर आमच्या पापांचा एकमेव साक्षीदार होता. चुकीचं कापलेलं, जास्त तापून गोळा झालेलं, डाख (जोड देताना वितळवायचा धातू) भलतीकडे पळालेलं, असं सगळं त्याच्या पोटात. घोषणेनंतर दहा मिनिटांत डबा रिकामा झाला. पंधराव्या मिनिटाला डबाही गेला.

एकीनं मागच्या सत्रात पत्र्यातून चाळीस पानं कापली होती. उरलेली जाळी, म्हणजे पानाच्या आकाराची चाळीस भोकं, तिनं तेव्हा बिनदिक्कत टाकून दिली होती. आता तिला तिची भोकं परत हवी होती. ज्याच्या हाती ती लागली तो म्हणत होता, "पानं तुझी, भोकं माझी." हा वाद दोन दिवस चालला आणि दोन्ही बाजूंचं मला पटत होतं.

तुटवडा आला की बनावट माल येतोच. काही जण बाहेरून कोरा पत्रा आणून, कात्रीनं वेडावाकडा कापून, बुटाखाली चिरडून त्याचं भंगार तयार करू लागले. मॅडमनी त्यातला एक तुकडा उचलून उलटा केला. मागच्या बाजूला कारखान्याचं निळं प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. "हे भंगार जन्मजात आहे," त्यांनी शांतपणे विचारलं, "की तू घडवलंस?"

मी या सगळ्यात नेहमीप्रमाणे उशिरा पोचले, त्यामुळे माझ्या वाट्याला कीस आला.

आमच्या बाकाला पोटाशी अर्धचंद्र कापलेला असतो आणि त्याखाली चामड्याची झोळी टांगलेली असते. कानस मारताना, करवत चालवताना पडणारी धातूची पूड त्या झोळीत जमते. सोन्याचं काम करणारे ही पूड डोळ्यांत तेल घालून जपतात. फरशीवरचा केर, पॉलिशच्या चाकाची काळी लव, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, इतकंच काय, कामाच्या जागेवरचा जुना गालिचासुद्धा जाळून त्यातलं सोनं काढतात. सोनाराचा केर धुऊन सोनं वेचणाऱ्याला मराठीत झारेकरी असा स्वतंत्र शब्द आहे. फरक इतकाच, की झारेकऱ्याच्या केरात सोनं असतं. माझ्या केरात पितळ, तांबं, चिमूटभर चांदी आणि कुठल्याकुठल्या डाखांची भेसळ होती. सगळं एका डब्यात काढलं, भरलं 140 ग्रॅम. 'हिणकस' हा शब्द मी इतकी वर्षं फक्त माणसांसाठी वापरत आले होते. कसाला हीन ते हिणकस, हे तो डबा मांडीवर आल्यावर कळलं.

"आधी लोखंड काढ," कार्यशाळेचे काका म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक चुंबक दिला. "कागदात गुंडाळून फिरव. नुसता फिरवलास तर चिकटलेलं जन्मभर काढत बसशील."

मी कागदात गुंडाळून फिरवला. कागदावर बारीक काळ्या मिशा उभ्या राहिल्या. करवतीच्या तुटक्या पात्यांचे तुकडे होते ते. आमची पाती शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि तुटायला त्यांना निमित्त लागत नाही. 'आता नाही तुटणार' असं मनात आलं तरी पुरतं. झोळी माझीच असल्यामुळे काही तुकड्यांशी माझी जुनी ओळख निघाली. हा पहिल्या सत्रातल्या वेलबुट्टीच्या वळणावरचा. हा सबमिशनच्या आदल्या रात्रीचा. त्या रात्री मी बारा पात्यांच्या जुडीतली अकरा मोडली होती आणि बारावं हातात धरून तशीच झोपले होते. चुंबक फिरवता फिरवता माझं अख्खं शिक्षण त्या कागदावर उभं राहिलं. वजन 4 ग्रॅम.

लोखंड गेलं तरी डब्यात लाकडाचा भुसा होता, चामड्याची साल होती, लांब केस होते आणि अर्धं नख होतं. नख कोणाचं, यावर कोणी बोललं नाही. सगळ्यांनी आपापल्या बोटांकडे फक्त एकदा बघून घेतलं. हा सगळा ऐवज लोखंडी तव्यात घालून जाळला, तेव्हा शेजारच्या वर्गातून कोणीतरी येऊन, कोणाला काही झालंय का, असं विचारून गेलं. वहीत आकडा पडला, 126.

आता वितळवणं. चांदी 962 अंशांना वितळते, तांब्याला 1085 लागतात, पितळ या दोघांच्या आधीच पाघळतं. आणि पितळेतलं जस्त 907 अंशांना उकळायला लागून धुरावाटे सटकायला बघतं. म्हणजे मुशीत एकाला बोलावून आणेपर्यंत दुसरा निघून गेलेला. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही हे शास्त्र वेगळं समजावायला नको. त्यात कीस हा प्रकार लगडीसारखा मुकाट वितळत नाही. प्रत्येक कण ऑक्साइडचं पांघरूण ओढून पडून राहतो. त्याला उठवायला टाकणखार टाकायचा, ज्योत फिरवायची, कार्बनच्या कांडीनं ढवळायचं, की पुन्हा टाकणखार.

"पांढरा धूर आला की तोंड बाजूला," काका पंख्याचं बटण दाबत म्हणाले. "जस्त आहे. रात्री ताप भरेल."

अर्ध्या तासानं मुशीतला रस साच्यात ओतला. थंड झाल्यावर जे बाहेर आलं ते दात उपटल्यावर डॉक्टर ताटलीत ठेवून दाखवतात तसं दिसत होतं. 97 ग्रॅम.

"झाली लगड," काका म्हणाले.

"चांगली झालीय का?"

"झाली, एवढंच म्हटलं मी."

धातू लाटून पत्रा करायच्या रोलिंग मिलमधून पहिल्या फेरीत ती गुण्यागोविंदानं गेली. दुसऱ्या फेरीत कडेला एक चीर पडली. तापवून मऊ केली, तिसरी फेरी दिली, तर चिरेला पोरं झाली. काकांनी पट्टी उजेडात धरली, वाकवली, आणि वैद्यानं नाडी सोडावी तशी खाली ठेवली. "मऊ डाख गेलाय यात. शिसं, कथील. कोणीतरी कधीतरी घासलंय तुझ्या बाकावर." नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या हाती कथील आलं, पण वाळासुद्धा झाला नाही.

त्या चिरफाळलेल्या पट्ट्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या, म्हणून स्वच्छ व्हायला त्या पिकलमध्ये टाकल्या. पिकल म्हणजे कोमट, सौम्य आम्लाचं भांडं. धातूवरचा काळा थर त्यात सुटतो. या भांड्याचा एकच नियम आहे आणि तो भांड्यावरच लिहिलेला आहे. आत लोखंड घालायचं नाही. आम्लात आधीच्या कामांमधलं तांबं विरघळलेलं असतं. लोखंड आत गेलं की ते तांबं बाहेर पडतं आणि समोर दिसेल त्या धातूवर जाऊन बसतं. मी नियम वाचला, मान डोलावली आणि पट्ट्या लोखंडी चिमट्यानं काढल्या.

माझ्या पट्ट्या गुलाबी झाल्या. माझ्या पट्ट्यांचं मला काही वाटलं नसतं. पण त्याच भांड्यात माझ्या शेजारणीचे चांदीचे तुकडे होते, कुठून कुठून तीन आठवडे जमवलेले. तेही नव्या नवरीसारखे लाजून गुलाबी झाले होते.

ती माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते तुकडे खिडकीत धरून निरखले आणि वहीत काहीतरी लिहायला घेतलं. संध्याकाळी तिच्या संकल्पनेचं शीर्षक भिंतीवर लागलं, 'लज्जा'. खाली दोन परिच्छेद होते. धातूच्या लाजण्याबद्दल, देहाबद्दल, बघणाऱ्याच्या नजरेबद्दल. चिमट्याबद्दल अक्षर नव्हतं.

संकल्पना माझ्याकडेही हवीच होती. लायब्ररीत बसून मी थोरामोठ्यांचा आधार शोधला. ऑटो क्युन्झली नावाच्या दागिने घडवणाऱ्या कलाकारानं 1980 मध्ये काळ्या रबराचं कडं केलं आणि सोन्याची गोळी त्याच्या आत लपवून टाकली. बाहेरून दिसतो फक्त एक फुगवटा. सोनं आंधळं करतं, असं त्या कड्याचं नाव. डेव्हिड बीलांडर नावाच्या स्विस कलाकारानं तर पन्हळी पुठ्ठ्याची वाटावीत अशी कडी केली, आणि ती असतात खऱ्या चांदी-सोन्याची. म्हणजे ही मंडळी सोन्याचं भंगार करून दाखवतात आणि आम्हाला भंगाराचं सोनं करायला बसवलंय. दिशा उलटी असली तरी रस्ता तोच, असं मी टिपणात लिहिलं. नंतर ते वाक्य खोडलं, कारण मलाच हसू आलं.

खरा धीर दिला तो टोकियोनं. तिथल्या 2020 च्या ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल आणि इतर उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती. जवळपास 79 हजार टन उपकरणं गोळा केली, त्यातून निघालं 32 किलो सोनं, साडेतीन टन चांदी आणि 2,200 किलो कांस्य. मी लगेच गणित मांडलं. त्यांच्यापेक्षा माझा उतारा कितीतरी पटीनं बरा होता. हे मात्र मी खोडलं नाही.

चिरांना आता मी 'रेषा' म्हणू लागले होते. पट्ट्यांचे धड तुकडे निवडून, कापून, एकावर एक जोडून एक ब्रोच उभा केला. 34 ग्रॅम. कापताना पाती मोडली ती वेगळी. किती, ते वहीत लिहायचा रकाना नव्हता, याबद्दल मी मॅडमची मनापासून ऋणी आहे.

ब्रोचला मागं पिन लागते, हे शेवटच्या रात्री लक्षात आलं. पिनेला पोलादी तार लागते, आणि नवी तार तर बंद. करवतीचं पातं लावून बघितलं. ते पहिल्याच वाकवण्याला मोडलं, सवयीनं. पितळेची तार मऊ पडली. शेवटी बाकाच्या खणाच्या तळाशी हात घातला आणि बोटाला टोचलं. पहिल्या सत्रात मी केलेल्या पहिल्यावहिल्या ब्रोचची पिन होती ती. वाकडी जोडली म्हणून तेव्हा शून्य मिळालं होतं आणि मी रागानं ती उपटून ठेवली होती. ती बसवली. पिन अडकवायच्या आकड्याला काही सापडेना, तेव्हा खिशात हात गेला. काळ्या टोकाची ती कातरण अजून तिथंच होती.

परीक्षणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ब्रोच हातात घेऊन दोनदा फिरवला. "वर कुठली बाजू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो मॅडमच्या जॅकेटला लावला. जॅकेटचं कापड खाली ओढलं गेलं आणि ब्रोचनं मान टाकली. "ही त्याची भूमिका आहे का?" परीक्षक म्हणाले. मी हो म्हटलं.

मॅडमनी ब्रोच उतरवून काट्यावर ठेवला.

"वहीत 34 आहे. काटा 36 दाखवतोय."

"मॅडम, पिन आणि आकडा."

"भंगाराचेच का?"

"हो, पण वहीतल्या भंगाराचे नाहीत."

त्यांनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. घेतलं 140. लोखंड 4, जळालं 10, धूर आणि राख 29. दागिना 34. उरलेलं भंगार 63. मग त्या 63 ग्रॅमच्या पुडीकडे बघितलं, टेबलाखालच्या झिजलेल्या पॉलिश पेपरच्या आणि मोडक्या पात्यांच्या पिशवीकडे बघितलं, आणि चष्मा काढला. "म्हणजे पुढच्या वर्गाची सोय झाली," त्या म्हणाल्या. 'लज्जा'ला त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण मिळाले. शेजारणीनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "चिमटा जपून ठेव."

संध्याकाळी मी ब्रोच कागदात गुंडाळत होते. दारात पहिल्या वर्षाची एक मुलगी घुटमळत होती. त्यांनाही सकाळीच घोषणा झाली असावी, कारण तिच्या हातात कोरी वही होती आणि डोळ्यांत ती नजर. तिनं पुडीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ब्रोचवर तिची नजर येऊन थांबली.

"ताई," ती अदबीनं म्हणाली, "टाकणार आहेस का ते?"